पाणी पाहून दिवा

दिवा जितका मोठा, तितके अधिक दिसते, अशी सामान्य समजूत आहे. आणि जमिनीवरच्या नित्य व्यवहारात ती सहसा खोटी ठरत नाही. समईत एका वातीच्या जागी पाच वाती लावल्या की देवघर उजळते. ओसरीवर मोठा दिवा लावला की म्हाताऱ्या माणसांसही वर्तमानपत्र वाचता येते. परंतु ह्या समजुतीचे राज्य हवेपुरतेच आहे. पाण्यात शिरताच तिचा अंमल ढिला होतो, आणि गढूळ पाण्यात तर ती साफ उलटते. तेथे दिवा वाढविला की कित्येकदा दिसणे कमी होते. सारा जन्म वर्गात शब्दरूपे आणि समास शिकविण्यात घालविलेल्या माणसाने हा विषय हाती घ्यावा, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. तथापि गेल्या वर्षी तो आमच्या घरात येऊन बसला. आणि एकत्र कुटुंबात एखादा विषय येऊन बसला म्हणजे वडीलधाऱ्यांस त्याची चौकशी करणे प्राप्तच असते.

आमच्या कनिष्ठ बंधूंची कन्या सागरी जीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी उतरण्याचे रीतसर शिक्षण तिने घेतले आहे, आणि मालवणच्या समुद्रातील प्रवाळांची पाहणी हा तिच्या अभ्यासाचा एक भाग आहे. मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात, हे पुष्कळ कोकणवासीयांसही ठाऊक नसते. मौज अशी की, प्रवाळाचे इवले जीव दिवसा बहुधा अंग चोरून असतात आणि अंधार पडल्यावर आपले स्पर्शक बाहेर पसरून भक्ष्य टिपतात. तेव्हा त्यांचे जिणे पाहावयाचे तर रात्रीच पाण्यात उतरले पाहिजे. डिसेंबरात मालवणास आणि पुढे फेब्रुवारीत लक्षद्वीपास अशा रात्रीच्या काही बुड्या तिच्या वाट्यास आल्या.

हे वर्तमान घरात कळताच आमच्या भावजयीच्या तोंडचे पाणी पळाले. तिचे माहेर समुद्रकाठचे. तिचा एक चुलतभाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी समुद्राने नेलेला. त्या घराने त्यानंतर कित्येक वर्षे नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावर पाऊल टाकले नव्हते. ती मुलीस म्हणाली, "दिवसा उतरतेस तेवढे पुरे झाले. रात्रीच्या पाण्यात तुला काय दिसणार?" मुलगी म्हणाली, "आई, दिवा असतो ना!" येथून पुढे साऱ्या वादाचा भार त्या दिव्यावर येऊन पडला. आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून कळविले की, पैशांकडे न पाहता बाजारातील सर्वांत प्रखर विजेरी आणावी, म्हणजे काकूंस चिंता उरणार नाही. भावजयीने अखेर एकच अट घातली: "अण्णांनी नीट चौकशी करून सांगितले, तर जा." अशा रीतीने साठी उलटल्यावर आम्ही पाणी आणि प्रकाश ह्यांचे शिष्य झालो.

पहिला पाठ असा की, पाणी प्रकाशाशी दोन प्रकारांनी वागते. एक तर ते प्रकाश गिळते; आणि गिळतानाही पंक्तिप्रपंच करते. तांबडा रंग आधी जातो. पहिल्या पाच-दहा मीटरांतच त्याचा बहुतेक निकाल लागतो. मागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, आणि अखेर निळा तेवढा खोलवर पोहोचतो. १९२१ साली विलायतेहून बोटीने परत येताना सर चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांस भूमध्य समुद्राची निळाई पाहून कुतूहल वाटले, आणि ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ती कथा आम्ही शाळेत मुलांस अनेकदा सांगितली आहे. म्हणून वीस मीटर खोलीवर भर दुपारीही तांबडा मासा करडा-काळपट दिसतो. जवळून विजेरीचा पांढरा प्रकाश टाकताच तो एकाएकी आपल्या खऱ्या रंगाने उजळतो. दिवसाच्या बुडीतही विजेरी नेतात ती ह्याच कारणास्तव.

दुसरा प्रकार म्हणजे पाण्यातील कण. नद्यांनी आणलेला गाळ, लाटांनी ढवळलेली वाळू, डोळ्यांस न दिसणारी प्लवक सृष्टी ह्यांचे असंख्य कण पाण्यात तरंगत असतात, आणि त्यांतील प्रत्येक कण आपल्या विजेरीचा थोडा प्रकाश आपल्याच डोळ्यांकडे परत फेकतो. पलीकडचा पदार्थ बिचारा मागेच राहतो आणि मध्ये पांढरा पडदा उभा राहतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुके दाटले असता गाडीचे मोठे दिवे लावले, तर समोर जी पांढरी भिंत उभी राहते, ती हीच. जाणता चालक तेथे दिवे खाली उतरवितो.

पुस्तकी ज्ञान घरच्यांस पटत नाही. ते डोळ्यांस दाखवावे लागते. शेजारच्या मुलांची माशांची रिकामी काचेची पेटी आम्ही मागून आणली, ती पाण्याने भरली आणि रात्री माजघरातले दिवे मालविले. पेटीच्या एका टोकाशी पाटीवर खडूने 'श्री' लिहून ठेवले. स्वच्छ पाण्यातून कोणत्याही विजेरीने अक्षर लख्ख दिसले. मग पाण्यात दुधाचे काही थेंब टाकून ढवळले. आता रुंद झोताची विजेरी डोळ्यांशेजारी धरून पाहिले, तो सारी पेटी चांदण्यासारखी उजळली आणि अक्षर मात्र नाहीसे झाले. अरुंद झोताची विजेरी हात लांब करून बाजूने धरली, तेव्हा पाण्यात प्रकाशाची एक बारीक काठी दिसली आणि तिच्या टोकाशी 'श्री' पुन्हा उमटले. आमच्या मातोश्री पलंगावरून हा खेळ पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यात नवे ते काय? कंदील घेऊन गोठ्यात जाताना तो कुणी डोळ्यांपुढे धरते का? गुडघ्याशी धरावा आणि वरून हाताची आड करावी." दिवा दृष्टीच्या रेषेपासून दूर ठेवावा, हा पाण्याखाली छायाचित्रे घेणाऱ्यांचा पहिला नियम आहे; ते आपले दिवे लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंस धरतात. मातोश्रींस तो गोठ्यानेच शिकविला होता.

आता बाजारातील भाषेकडे वळू. विजेरीच्या वेष्टनावर 'ल्युमेन' हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकंदर प्रकाश. तो किती जागेत पसरला आहे, हे त्यावरून कळत नाही. ते कळावयास झोताचा कोन पाहावा लागतो, आणि एका दिशेस प्रकाशाचे बळ किती, हे 'कॅन्डेला' ह्या मानाने सांगतात. हिशेब सोपा आहे. १००० ल्युमेनचा प्रकाश १०० अंशांच्या रुंद झोतात सारखा पसरला, तर त्याचे बळ सुमारे ४५० कॅन्डेला भरते. तोच प्रकाश १० अंशांच्या अरुंद झोतात कोंबला, तर ते सुमारे ४२००० होते. प्रकाश तेवढाच, बळ मात्र नव्वदपटींहून अधिक! शेतात पाणी मोकळे सोडणे आणि पाटाने नेणे, ह्यांत जो भेद आहे तोच येथे आहे.

आणखी एक हिशेब आम्ही चिरंजीवांस लिहून पाठविला. समजा, एखाद्या गढूळ पाण्यात दर मीटरास निम्मा प्रकाश नाहीसा होतो. पदार्थ पाच मीटरांवर असेल, तर प्रकाशास जाऊन-येऊन दहा मीटर चालावे लागते. म्हणजे दहा वेळा निम्मे करता मूळच्या प्रकाशाचा १०२४वा भाग तेवढा डोळ्यांत येतो. आता दसपट प्रखर दिवा आणला, तर किती अधिक दूरचे दिसेल? येण्याजाण्याचा मिळून सुमारे सव्वातीन मीटरांचा लाभ. म्हणजे पदार्थ दीड मीटराहून थोडा अधिक दूर असला तरी चालेल, इतकेच. अंतरानुसार प्रकाश पसरून जी घट होते, ती धरली तर हा लाभही घटतो. आणि कणांचा तो पांढरा पडदा मात्र दसपट उजळतो. दाम दसपट आणि दर्शन दीड मीटर, हा सौदा शहाण्याने करावा असा नव्हे. चिरंजीव गणितात पहिल्यापासून चांगले. त्यांनी उलट उत्तर धाडिले नाही.

ह्या साऱ्याचा निष्कर्ष असा की, आधी पाणी पाहावे आणि मग दिवा निवडावा. पाण्याचे ढोबळ मानाने तीन वर्ग आम्ही केले.

पहिला वर्ग स्वच्छ पाण्याचा. लक्षद्वीप आणि अंदमान येथे चांगल्या दिवसांत वीस मीटर आणि त्याहून दूरचे दिसते. अशा ठिकाणी रुंद, सौम्य झोत उत्तम. एका नजरेत सारा खडक दिसतो, रंग खुलतात आणि मन घाबरत नाही. येथे अतिप्रखर दिवा निरुपयोगीच नव्हे, तर उपद्रवी होय. तो सोबत्यांचे डोळे दिपवितो आणि निजलेल्या माशांस उठवितो. बहुतेक सागरी प्राण्यांस तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून अभ्यासक काही विजेऱ्यांत असलेल्या तांबड्या दिव्याचा उपयोग करतात.

दुसरा वर्ग धूसर, हिरवट पाण्याचा. आमच्या मालवणचे पाणी बहुधा ह्या वर्गातले. कर्ली नदी देवबागजवळ समुद्रास मिळते, पावसाळ्यात डोंगरांची माती वाहून येते, आणि ते चार महिने बुड्या मारणे बंदच असते. पुढे पाणी निवळू लागते, तरी वारा, भरती-ओहोटी आणि प्लवक ह्यांच्या लहरीनुसार कधी सात-आठ मीटर, तर कधी दोन-तीन मीटरच दिसते. येथे अरुंद झोताची, मध्यभागी घट्ट प्रकाश असलेली विजेरी पाहिजे. ती हात लांब करून बाजूने धरावी, आणि दूरचे पाहण्याचा हट्ट सोडून पदार्थाजवळ जावे. सोबत्यास खूण करावयासही हाच झोत उपयोगी, कारण धूसर पाण्यात तो काठीसारखा दुरून दिसतो. विजेरीने तळावर वर्तुळ काढले, तर 'सर्व ठीक'. झोत जोराने इकडून तिकडे हलविला, तर 'संकट आहे, इकडे या'. पाण्यात वाचा नसते. तेथे विजेरी हीच वाणी होय.

तिसरा वर्ग चिखलाच्या पाण्याचा. जेथे लांब केलेल्या हाताची बोटे दिसत नाहीत, तेथे कोणताही दिवा कामास येत नाही. २०१८ सालच्या जून-जुलैत थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकली, ती हकीकत वाचकांस आठवत असेल. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी तेथे साह्य केले, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट. त्या गुहेतील पाणी कित्येक ठिकाणी इतके गढूळ होते की, जगातील निष्णात पाणबुड्यांसही डोळ्यांचा उपयोग नव्हता. आधी बांधलेली दोरी हातात धरून, चाचपडत ते आत गेले आणि मुलांस घेऊन बाहेर आले. थायी नौदलातून निवृत्त झालेले समान कुनान ह्यांनी त्या कामी प्राण वेचले. अशा पाण्यात दोरी हाच दिवा. आणि कर्तव्य ओढून नेत नसेल, तर माघार हाच विवेक.

पाण्याखालच्या गुहांत शिरणारे तीन दिवे जवळ बाळगतात. रात्री उघड्या समुद्रात उतरणाऱ्याने किमान दोन तरी बाळगावे, असा दंडक आहे. हा दंडक कळताच आम्ही निकाल दिला: एका प्रचंड विजेरीऐवजी दोन मध्यम घ्याव्या. मुख्य विजेरी सुमारे १००० ल्युमेनची, अरुंद झोताची. तिच्यावर झोत पसरविणारी काच बसविता येते, म्हणजे मालवणास ती काच काढावयाची आणि लक्षद्वीपास लावावयाची. दुसरी लहान, वेगळ्या कप्प्यात ठेवावयाची. पहिली विझताच हिने घाटाची वाट धरावी. दोन्हींची किंमत मिळून चिरंजीवांच्या त्या एका विजेरीहून कमीच झाली.

निगा राखण्याविषयीही दोन शब्द सांगतो, कारण वस्तू घेऊन विसरणे हा घरोघरचा दोष आहे. पाण्यात दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि विजेरीत पाणी शिरू न देण्याचे काम एका लहानशा रबरी कड्याकडे असते. त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तरी कारभार आटोपला. म्हणून दर वेळी कडे पुसून, किंचित सिलिकॉन ग्रीस लावून विजेरी बंद करावी. बुडीनंतर गोड्या पाण्यात धुवावी. बुडीपूर्वी बॅटरी पूर्ण भरावी. विमानाने जाताना लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात घालता येत नाहीत. त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. आणखी असे की, पुष्कळ प्रखर विजेऱ्या पाण्यानेच थंड राहतात. होडीत बसून त्या उगाच लावून ठेवू नयेत.

इतके सारे आम्ही भावजयीस समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण अण्णा, पाणी आज कोणत्या वर्गातले, हे पोरीला उतरण्यापूर्वी कळणार कसे?" साऱ्या चौकशीतील मर्माचा प्रश्न तो हाच. त्याचे उत्तर १८६५ सालचे आहे. रोम येथील ज्योतिषी आंजेलो सेक्की ह्यांनी त्या वर्षी भूमध्य समुद्रात गलबतावरून पांढऱ्या तबकड्या पाण्यात सोडून, त्या कोणत्या खोलीवर दिसेनाशा होतात, हे मोजले. आजही जलाशयांची स्वच्छता त्यांच्या नावाच्या तबकडीने मोजतात. हे ऐकून भावजय उठली आणि फळीवरची एक जुनी, पांढऱ्या एनॅमलची ताटली घेऊन आली. तिच्या काठास बंधूंनी तीन भोके पाडली, खाली शिशाचे वजन बांधले, वर दोरी लावून दर मीटरास एक गाठ मारली. रात्रीची बुडी असली, तरी उजेड आहे तोवर होडीतून ही ताटली पाण्यात सोडावयाची. किती गाठींवर ती नाहीशी झाली, हे पाहावयाचे. आणि पाच गाठींच्या आत नाहीशी झाली, तर त्या दिवशी परत फिरावयाचे, असा मायलेकींत करार झाला. ताटली सरळ खाली पाहते आणि पाणबुड्या आडवे पाहतो, म्हणून हे माप स्थूलच. परंतु आईच्या मनास ते पुरेसे होते, आणि मुलीच्या शिक्षकांनीही त्यास मान डोलावली.

डिसेंबरात पहिल्या सायंकाळी ताटली तिसऱ्या गाठीसच नाहीशी झाली. सोबतची मंडळी थोडी हिरमुसली, परंतु मुलीने दोरी गुंडाळली आणि ती घरी आली. त्या रात्री जेवताना भावजयीने काही न बोलता तिच्या पानात तूप अंमळ अधिक वाढले. चार दिवसांनी वारा पडला, ताटली सातव्या गाठीपर्यंत पांढरी दिसत राहिली, आणि मुलगी सोबत्यांसह उतरली. परत आल्यावर तिने सांगितले की, प्रवाळांचे स्पर्शक तिने वीतभर अंतरावरून पाहिले. आणि अखेरीस सर्वांनी मिळून विजेऱ्या छातीशी दाबून धरल्या, तेव्हा हात हलविताच पाण्यात निळ्या ठिणग्या उठू लागल्या. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव असे चमकतात. ते पाहावयाचे, तर दिवा झाकावाच लागतो.

ते ऐकून आमच्या मनात आपल्या जुन्या व्यवसायाचा विचार आला. विद्यार्थ्याचा अधिकार पाहून विषय सांगावा, असे आपले शास्त्रकार म्हणत आले. निवळलेल्या बुद्धीपुढे विषय मोकळेपणाने पसरावा. गोंधळलेल्या मुलापुढे एकच मुद्दा नेमका, जवळून आणि बाजूने दाखवावा. जो भयाने ढवळून निघाला आहे, त्यास त्या दिवशी काही न सांगता हात धरून काठावर आणावा. आणि कधीकधी आपला दिवा झाकून धरावा, म्हणजे समोरच्याचे स्वतःचे तेज दिसू लागते. घरात मुले-सुना वागवितानाही ह्याहून निराळा नियम लागत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

ती एनॅमलची ताटली आता फळीवर परत गेलेली नाही. फेब्रुवारीत ती लक्षद्वीपास जाऊन आली. तेथे दोरीच्या साऱ्या गाठी संपल्या, तरी ती दिसतच होती, असे भावजय आल्यागेल्यास सांगत असते.